बसमुळे कार्बन कमी होतो, म्हणजे नेमके काय होते?

सार्वजनिक वाहतूक वाढली की हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटते, हे विधान आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. ते खरेही आहे. परंतु ते केव्हा खरे ठरते आणि किती प्रमाणात, हे समजून घेतल्याशिवाय त्याचा फारसा उपयोग होत नाही. रिकामी धावणारी डिझेल बस कार्बन वाचवत नाही, उलट त्यात भर घालते. खच्चून भरलेली बससुद्धा, तिच्यातील सगळे प्रवासी एरवी पायीच गेले असते तर, काहीही वाचवत नाही. बचत होते ती एखाद्याने आपली मोटार घरी ठेवली तेव्हा, आणि त्याहून अधिक, त्याला ती विकत घेण्याची गरजच वाटली नाही तेव्हा. म्हणून बस, ट्राम किंवा मेट्रोचा हवामानाला होणारा लाभ वाहनाच्या धुराड्यापाशी मोजून कळत नाही. तो न झालेल्या प्रवासांत शोधावा लागतो.

आधी या प्रश्नाचा आकार पाहू. हवामानबदलाच्या शास्त्रीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार, २०१९ मध्ये जगातील एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे १५ टक्के वायू थेट वाहतुकीतून बाहेर पडले आणि त्यांतील जवळजवळ ७० टक्के वाटा रस्त्यावरील वाहनांचा होता. वीजनिर्मितीच्या तुलनेत हा आकडा लहान वाटेल, पण तो खाली आणणे अधिक अवघड आहे. वीज मोजक्या केंद्रांत तयार होते आणि तिथे एका निर्णयाने पुष्कळ बदल घडू शकतो. मोटारी मात्र जगात एक अब्जाहून अधिक आहेत, आणि त्यांतील प्रत्येक मोटार रोज सकाळी बाहेर काढायची की नाही, हे कोणीतरी स्वतंत्रपणे ठरवत असतो.

पेट्रोल जळते तेव्हा काय घडते, हे एकदा नीट पाहिले की पुढचा हिशेब सोपा होतो. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो असते आणि ते जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जाळलेल्या पदार्थापेक्षा निघालेला वायू तिप्पट जड कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर हवेत आहे. पेट्रोलच्या वजनाचा बहुतांश भाग कार्बनचा असतो. कार्बनच्या अणूचे वजन १२ धरले, तर जळताना त्याला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू येऊन मिळतात आणि त्यांचे वजन ३२ भरते. म्हणजे १२ चे ४४ होतात. डिझेल थोडे अधिक घन असल्याने त्याच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो वायू निघतो. इंजिन कितीही उत्तम स्थितीत असले आणि धूर डोळ्यांना दिसत नसला, तरी या आकड्यात फरक पडत नाही, कारण वाहनांतील प्रदूषणरोधक साधने विषारी वायू आणि काजळी रोखतात. कार्बन डायऑक्साइड रोखत नाहीत. तो कमी करण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे कमी इंधन जाळणे.

आता तुलना करू. वाहतुकीच्या अभ्यासात यासाठी 'प्रवासी-किलोमीटर' हे माप वापरतात: एका माणसाने केलेला एक किलोमीटरचा प्रवास. समजा, शहरात चालणाऱ्या एका मोटारीला १०० किलोमीटरला ७ लिटर पेट्रोल लागते. म्हणजे दर किलोमीटरला ती सुमारे १६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. मोठ्या डिझेल बसला तेवढ्याच अंतराला ३५ लिटर डिझेल लागते असे धरले, तर तिचे उत्सर्जन किलोमीटरला सुमारे ९४५ ग्रॅम भरते, म्हणजे मोटारीच्या जवळजवळ सहापट. मोटारीत एकटा चालक असेल, तर बसमध्ये सहावा प्रवासी चढला की दोन्ही वाहने बरोबरीत येतात. बसमध्ये ४० जण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला २४ ग्रॅमच्या आसपास येतात आणि एकट्या मोटारचालकाच्या वाट्याला १६०.

परंतु हाच हिशेब प्रामाणिकपणे पुढे नेला, तर तो नेहमी इतका अनुकूल राहत नाही. मोटारीत चौघे बसले असतील, तर दरडोई ४० ग्रॅम होतात आणि बसला बरोबरी साधण्यासाठी २४ प्रवासी लागतात. आशियातील अनेक शहरांत लोकांचे मुख्य वाहन मोटार नसून दुचाकी आहे. लिटरला ४५ किलोमीटर धावणारी दुचाकी किलोमीटरला सुमारे ५० ग्रॅम सोडते, म्हणून एकट्या दुचाकीस्वाराच्या तुलनेत बस सरस ठरायची असेल, तर तिच्यात किमान १९ प्रवासी हवेत. शिवाय सकाळी शहराच्या मध्याकडे ओसंडून जाणारी बस परतताना बरीचशी रिकामी असते. तेव्हा गर्दीच्या वेळेचा आकडा पुढे करून चालत नाही. दिवसभराची सरासरी पाहावी लागते, आणि ती सरासरी वाढवणे हेच वाहतूक व्यवस्थेचे हवामानविषयक मुख्य काम आहे, असे मला ठामपणे वाटते. बस कोणत्या इंधनावर चालते, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो त्यानंतरचा आहे.

या सरासरीमागे एक गोष्ट दडलेली असते. बस वेळापत्रकाप्रमाणे धावणारच असते. तिच्यात आणखी एक माणूस चढला, तर इंधनात पडणारा फरक नगण्य असतो. मोटार सोडून बसमध्ये आलेल्या त्या एका माणसाचे जवळजवळ सगळे १६० ग्रॅम वाचतात, सरासरी काहीही असली तरी. उलट, पायी किंवा सायकलने जाणारा माणूस बसमध्ये आला, तर बसची सरासरी सुधारलेली दिसते, पण हवेत जाणारा वायू एका ग्रॅमनेही कमी होत नाही. प्रवासीसंख्या वाढली की उत्सर्जन घटले, असे समीकरण मांडणे म्हणूनच चुकीचे आहे. नवे प्रवासी कुठून आले, हे विचारावेच लागते.

एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना सार्वजनिक वाहतूक मोफत झाली. प्रवासीसंख्या वाढली, परंतु नंतरच्या अभ्यासात असे दिसले की पायी चालण्याचे प्रमाण बरेच घटले होते आणि मोटारींचा वापर मात्र किंचितच कमी झाला होता. गरीब कुटुंबाला, वृद्धांना, बेरोजगारांना मोफत प्रवासाने मोठा आधार मिळतो आणि तेवढ्यासाठीही असा निर्णय समर्थनीय ठरू शकतो. मात्र मोटार बाळगणाऱ्याला तिकिटाच्या पैशांपेक्षा वेळ आणि खात्री यांची काळजी अधिक असते, म्हणून भाडे शून्यावर आणले तरी तो जागचा हलत नाही.

मग तो हलतो कशाने? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर स्टॉकहोममध्ये मिळाले, कारण तिथे दोन उपाय एकामागून एक केले गेले आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा मोजता आला. ऑगस्ट २००५ मध्ये शहराने जवळपास २०० जादा बस रस्त्यावर आणल्या आणि नवे मार्ग सुरू केले. मोटारींच्या संख्येवर त्याचा मोजण्याजोगा परिणाम झाला नाही. जानेवारी २००६ मध्ये शहराच्या मध्यभागात मोटार नेण्यावर शुल्क लागू झाले आणि त्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी खाली आली. प्रयोग जुलैअखेर संपला, सप्टेंबरमध्ये सार्वमत झाले, शहरातील बहुसंख्य मतदारांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. लंडनने २००३ मध्ये असेच शुल्क सुरू करताना पहिल्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस उतरवल्या होत्या आणि शुल्कातून मिळणारे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्याने घातले होते. यातून केवळ शुल्कच पुरेसे आहे, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या भागात चांगली बस नाही तिथे शुल्क लावणे म्हणजे लोकांना कोंडीत पकडून दंड करणे होय. परंतु मोटार चालवणे पूर्वीइतकेच सोपे आणि स्वस्त ठेवून केवळ बस वाढवत गेलो, तर मोटारी कमी होतील ही अपेक्षा फोल ठरते, हे मान्य केले पाहिजे.

यामागील कारण २०११ मध्ये जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी शहरांच्या आकडेवारीतून मांडले. रस्त्यांची लांबी जितकी वाढते, तितक्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले अंतरही वाढते, असे त्यांना आढळले. नवा रस्ता मोकळा दिसतो, म्हणून पूर्वी टाळलेले प्रवास लोक करू लागतात, दूर राहायला जातात, आणि काही वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष सार्वजनिक वाहतुकीच्या समर्थकांना, आणि मी स्वतःला त्यांच्यातच गणतो, पचवायला जड जातो: सार्वजनिक वाहतूक वाढल्याने एकूण मोटारप्रवास घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कारण तेच आहे. शंभर जण मोटार सोडून बसमध्ये गेले की रस्त्यावर शंभर मोटारींची जागा रिकामी होते आणि ती दुसरे कोणीतरी भरून काढते. बसने माणसे वाहून नेली, शहराची सोय झाली, पण हवेतला वायू तेवढाच राहिला. ही रिकामी झालेली जागा मोटारींना परत न देता बस, पादचारी आणि सायकलस्वार यांच्याकडे वळवली, तरच बचत टिकते.

रस्त्यावरची जागा

इथे बससाठी राखीव मार्गिकेचे महत्त्व लक्षात येते. अमेरिकेतील शहरी वाहतूक अधिकाऱ्यांच्या नॅक्टो या संघटनेच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार, मोटारींनी भरलेली एक मार्गिका तासाला ६०० ते १,६०० माणसे वाहून नेते, तर बससाठी राखून ठेवलेली तेवढ्याच रुंदीची मार्गिका ४,००० ते ८,००० माणसे नेऊ शकते. जागा तीच, खर्च रंगाचा आणि दुभाजकाचा. मोटारींसाठी असलेली जागा कमी होते आणि बसचा वेग वाढतो, असे दोन्ही परिणाम एकाच कृतीतून साधतात.

वेग वाढल्याचा परिणाम वरवर दिसतो त्याहून खोलवर पोहोचतो. एका मार्गावर जाऊन-येऊन दोन तास लागतात आणि १२ बस आहेत असे समजा. मग थांब्यावर दर १० मिनिटांनी बस मिळते. राखीव मार्गिकेमुळे तोच फेरा दीड तासात पूर्ण होऊ लागला, तर त्याच १२ बस आणि तेवढेच चालक-वाहक साडेसात मिनिटांनी बस देऊ शकतात. एकही नवी बस विकत न घेता सेवा एक-तृतीयांशाने वाढते. शिवाय कोंडीत थांबत-सुटत चालणाऱ्या बसपेक्षा सलग धावणारी बस किलोमीटरमागे कमी डिझेल जाळते.

फेऱ्यांमधील अंतर कमी होण्याला मी फार महत्त्व देतो. अर्ध्या तासाने बस असेल, तर प्रवाशाला आपला दिवस बसच्या वेळेभोवती आखावा लागतो आणि एक बस चुकली तर सगळेच कोलमडते. दहा मिनिटांच्या आत बस येत असेल, तर वेळापत्रक पाहण्याची गरज उरत नाही. मार्ग बदलून दुसरी बस घेणेही सुसह्य होते आणि दोन-चार मार्गांचे मिळून एक जाळे तयार होते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोरिंग यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की वाट पाहण्याचा वेळ घटतो, आणि तो घटला की आणखी प्रवासी येतात. मोटारींच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते, कारण रस्त्यावर येणारी प्रत्येक नवी मोटार बाकीच्यांचा वेळ वाढवते. दुर्दैवाने मोरिंग यांचे चक्र उलटेही फिरते. तोट्याचे कारण देऊन फेऱ्या कमी केल्या की प्रवासी घटतात, तोटा वाढतो आणि पुन्हा फेऱ्यांवर कात्री चालते.

रात्री उशिराची, चार-पाच माणसांची बस याच हिशेबात बसवून पाहावी लागते. त्या एका फेरीचे प्रवासी-किलोमीटरमागचे उत्सर्जन काढले, तर ती मोटारीपेक्षा वाईट ठरेल. परंतु संध्याकाळी कामावरून सुटायला उशीर झाला तरी परत जायला बस मिळेल, अशी खात्री असेल तरच माणूस सकाळी मोटार घरी ठेवतो. सकाळच्या भरलेल्या बसमधील कित्येक प्रवासी त्या रात्रीच्या फेरीच्या भरवशावर आलेले असतात, आणि ती बंद केली तर त्यांतले काही सकाळीही दिसेनासे होतात.

रस्त्याची जागा वळवण्याची दोन उदाहरणे मला विशेष बोलकी वाटतात. झुरिकच्या मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा प्रस्ताव फेटाळला. चार वर्षांनी त्यांनी जुन्याच ट्राम आणि बससेवेला अग्रक्रम देण्यासाठी निधी मंजूर केला. ट्राम जवळ येताच सिग्नल तिच्या बाजूने बदलू लागले आणि तिची वाट अडवणारी वाहने बाजूला केली गेली. आज त्या श्रीमंत शहरात ट्रामने कामावर जाणे ही सर्व थरांतील लोकांची साधी सवय आहे. दुसरे उदाहरण कोलंबियाची राजधानी बोगोटाचे. तिथे २००० च्या अखेरीस 'ट्रान्समिलेनिओ' ही राखीव मार्गिकांवरून धावणारी बससेवा सुरू झाली आणि २००६ मध्ये हवामानबदलाविषयीच्या क्योटो या आंतरराष्ट्रीय करारांतर्गत कार्बन बचतीची श्रेये, म्हणजे झालेल्या बचतीबद्दल मिळणारी आणि विकता येणारी प्रमाणपत्रे, मिळवण्यासाठी तिची संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेकडे नोंदणी झाली. त्यासाठी ठरलेल्या हिशेबाच्या पद्धतीत प्रवाशांची पाहणी करणे आवश्यक होते: ही सेवा नसती, तर तुम्ही आजचा प्रवास कशाने केला असता? जुन्या बसने, टॅक्सीने, मोटारीने की पायी, त्यानुसार बचत मोजली जाई.

वीज, पोलाद आणि सिमेंट

आता इंधनाकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो आणि बाकीची उष्णता बनून वाया जाते. विद्युत मोटर मिळालेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास वापरात आणते. रेल्वे, मेट्रो आणि ट्राम यांना आणखी एक लाभ मिळतो, तो म्हणजे पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना होणारा विरोध डांबरी रस्त्यावरील रबरी टायरपेक्षा कितीतरी कमी असतो. ब्रेक लावताना मोटरच जनित्रासारखी उलटी चालवून गतीची वीज पुन्हा तारेत पाठवता येते, आणि दर एक-दोन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीत ती बचत लक्षणीय असते.

अर्थात ही वीज कशापासून तयार झाली, यावर पुष्कळ अवलंबून आहे. फक्त कोळशावर तयार झालेल्या एका युनिट विजेमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मोठ्या विद्युत बसला किलोमीटरला एक ते सव्वा युनिट वीज लागते. म्हणजे सगळीच वीज कोळशाची असेल, तर विद्युत बस आणि डिझेल बस जवळजवळ समान ठरतात. रस्त्यावरची हवा मात्र लगेच स्वच्छ होते, आणि जसजशी वीज पाणी, वारा, सूर्य किंवा अणुऊर्जेपासून येऊ लागते, तसतशी तीच जुनी बस काही न बदलता स्वच्छ होत जाते. डिझेल बसला ही संधी कधीच मिळत नाही. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांहून अधिक बसचा संपूर्ण ताफा विजेवर आणला, म्हणून हे मोठ्या प्रमाणावर शक्य आहे की नाही, हा वाद आता संपला आहे. एक बॅटरी बसमध्ये घालायची की मोटारीत, असा प्रश्न असेल, तर माझे मत निःसंशय बसच्या बाजूने आहे. शहरातली बस रोज दीड-दोनशे किलोमीटर धावते, खासगी मोटार मात्र दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते. विद्युत मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा चांगली आहे, पण ती रस्त्यावर तेवढीच जागा व्यापते.

मेट्रो बांधतानाच पुष्कळ कार्बन खर्च होतो, आणि उद्घाटनाच्या वेळी जाहीर होणाऱ्या बचतीच्या आकड्यांत तो बहुधा नसतो. सिमेंट तयार करताना चुनखडी भाजली जाते, तेव्हा भट्टीच्या इंधनाखेरीज खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सिमेंटच्या उत्सर्जनातला अर्ध्याहून अधिक वाटा या रासायनिक क्रियेचा असतो. भुयारे आणि खांब यांसाठी लागणाऱ्या सिमेंट-पोलादाचे हे कर्ज मेट्रो भरलेली धावली तर काही वर्षांत फिटते, अर्धी रिकामी धावली तर त्याला फार काळ लागतो. दाट वस्तीच्या मोठ्या शहराला मेट्रोवाचून गत्यंतर नसते. परंतु जिथे राखीव मार्गिकेवरील बसने काम भागले असते, तिथे केवळ प्रतिष्ठेसाठी भुयार खणणे हवामानाच्या दृष्टीने महाग पडते.

शहराची ठेवण

सगळ्यांत मोठी बचत सर्वांत सावकाश होते आणि ती बसच्या तिकिटांत कधीच दिसत नाही. पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी यांनी १९८९ मध्ये जगातील ३२ शहरांची तुलना प्रसिद्ध केली. विरळ पसरलेल्या अमेरिकी शहरांत दरडोई पेट्रोलचा खप सर्वाधिक होता, युरोपातील शहरांत बराच कमी आणि हाँगकाँगसारख्या दाट वस्तीच्या आशियाई शहरांत अगदी अल्प. पेट्रोलची किंमत आणि लोकांचे उत्पन्न यांचाही यात वाटा आहे, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो योग्यच आहे. तरीही मूळ यंत्रणा समजायला अवघड नाही. स्थानकाभोवती घरे, शाळा, दवाखाने आणि दुकाने दाटीने उभी राहिली, की लोकांचे प्रवासच लहान होतात. जे माणूस एरवी मोटारीने आठ किलोमीटर गेले असते, ते दहा मिनिटे चालून काम उरकते. या माणसाने त्या दिवशी मेट्रो वापरलीच नाही, तरी त्याची बचत मेट्रोमुळे झालेली असते. उलट, स्थानकाभोवती वाहनतळांचे पटांगण केले, तर प्रत्येक प्रवासाचा पहिला टप्पा मोटारीचाच राहतो आणि त्या जागेवर घरे बांधण्याची संधी अनेक दशकांसाठी जाते.

कोपनहेगनने १९४७ मध्ये हाताच्या पंजासारखी योजना आखली: तळव्याच्या जागी जुने शहर, बोटांच्या जागी उपनगरी रेल्वेचे मार्ग, वाढ फक्त या बोटांवर आणि बोटांमधल्या फटींत शेती व मोकळी राने. पुढे या योजनेला मोठ्या कार्यालयांविषयीचा नियमही जोडला गेला, त्यानुसार ती स्थानकापासून ६०० मीटरच्या आत असावीत. या नियमाचे कारण व्यावहारिक आहे. घर स्थानकाजवळ असूनही कार्यालय दूर महामार्गालगत असेल, तर माणूस मोटारच काढतो. कार्यालय स्थानकाला लागून असेल, तर दूरच्या उपनगरात राहणाराही स्थानकापर्यंत सायकलने येऊन गाडी पकडतो. असा नियम करायला ना भुयार लागते ना बॅटरी, मात्र तो इमारती उभ्या राहण्याआधी करावा लागतो.